थोरल्यांची भूक

सई, मिहीर,

परवा व्हिडिओ कॉलवर सईने एका सिनेमाची गोष्ट सांगितली. दोन इटालियन भाऊ परक्या देशात हॉटेल काढतात, एक उत्तम स्वयंपाक करतो, दुसरा गिऱ्हाइकं सांभाळतो, आणि हॉटेल काही केल्या चालत नाही. "आजी, असं खरंच असतं का गं?" असं तिने विचारलं, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तुमची क्लासची वेळ झाली.

असतं. त्यासाठी इटलीहूनच यावं लागतं असं नाही, सांगलीहून आलं तरी होतं. इथे इंग्लंडात, मेडनहेडला, आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, असे दोघे भाऊ होते. स्टेशनकडे जाणाऱ्या एका आडरस्त्यावर त्यांचं हॉटेल होतं. आता तिथे चष्म्याचं दुकान आहे. माझा वाचायचा चष्मा मी तिथूनच केला, आणि डोळे तपासायला ज्या कोपऱ्यात बसवतात तिथे पूर्वी आमटीची बादली ठेवलेली असायची हे त्या चष्मेवाल्या मुलीला सांगण्याचा मोह मी आवरला.

मोठ्या भावाला आम्ही सगळे थोरले म्हणत असू. त्यांचं नाव मला अर्थातच ठाऊक आहे, पण ते लिहीत नाही. नाव छापलेलं त्यांना कधीच आवडलं नाही, हॉटेलच्या पाटीवरसुद्धा नाही. धाकट्याला धाकटा.

थोरले बुटके आणि रुंद होते. उन्हाळा असो, हिवाळा असो, स्वयंपाकघरातही डोक्यावर तपकिरी लोकरी टोपी, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. त्यांचे वडील सांगली भागातले लग्नाकार्याचे आचारी, आणि थोरले पोरवयापासून त्यांच्या हाताखाली वाढलेले. त्यामुळे हॉटेल म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना पंगत कळायची. मेनूकार्ड नव्हतं. धाकट्याने एकदा छापून आणलं होतं, थोरल्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि गरम भांड्याखाली ठेवायला घेतलं. "आज जे केलंय ते आज मिळंल," ते म्हणाले. "उद्याचं आज कशाला लिवायचं?"

आणि वाढण्याची पद्धतही पंगतीचीच. एका हातात स्टीलची बादली, दुसऱ्यात पळी, आणि टेबलांमधून फिरत फिरत, "आमटी? आमटी घ्या की!" आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. कोणी इंग्रज जोडपं लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेलं आहे, मेणबत्ती लावलेली आहे, आणि लोकरी टोपीतला एक गृहस्थ बादली घेऊन शेजारी उभा आहे.

माझी शेजारीण मार्गारेट तुम्हाला आठवत असेल, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची ती. तिला मी पहिल्यांदा तिथे घेऊन गेले तेव्हाची गोष्ट. तिच्या घरचं वळण असं की ताटात काही टाकायचं नाही, यजमानाचा अपमान होतो. थोरल्यांच्या घरचं वळण असं की ताट रिकामं दिसलं तर वाढायचं, नाही तर पाहुण्याचा अपमान होतो. मार्गारेटने मसालेभात संपवला, थोरल्यांनी वाढला. तिने तोही संपवला, त्यांनी परत वाढला. दोघंही इतकी सभ्य की कोणीच थांबेना. शेवटी मार्गारेटचा चेहरा टोमॅटोसारखा झाला आणि ती माझ्या कानाशी कुजबुजली, "यांना थांबवण्यासाठी नेमकं काय करतात?"

मी ताटावर हात आडवा धरून दाखवला.

"एवढंच?" ती म्हणाली. "हे तू मला आत्ता सांगतेस?"

तिने हात धरला. थोरले थांबले, हसले, आणि बोटांच्या फटीतून एक पळी वाढून पुढे गेले. तिसऱ्या नकाराशिवाय त्यांना नकार ऐकू येत नसे. पुढे मार्गारेटने ही विद्या नव्या गिऱ्हाइकांना शिकवण्याचं कामच हाती घेतलं. शेजारच्या टेबलावर कोणी घाबरलेलं दिसलं की ती खुर्चीतून वाकून सांगायची, "हात धरा, आणि तीनदा धरा."

ताटाच्या बाबतीत थोरले फार कडक. मीठ वरच्या बाजूला मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटी. धाकटा घाईत चुकून चटणी उजवीकडे वाढायचा, तर थोरले ते ताट गिऱ्हाइकाच्या पुढून उचलून आत न्यायचे आणि नवं मांडून आणायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं आपल्या हातून काही चुकलं. एकदा एक डावखुरी मुलगी आली. ती चमचा डाव्या हातात धरून जेवायला लागली तसे थोरले स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की धाकट्याला मध्ये पडावं लागलं. "दादा, असं स्टेअर करू नको, प्लीज. इथे चालत नाही ते." थोरले आत गेले. ती मुलगी पुढच्या आठवड्यात परत आली तेव्हा तिचं ताट आरशातल्यासारखं उलटं मांडलेलं होतं, भाज्या डावीकडे आणि लिंबू-चटणी उजवीकडे. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. थोरले मात्र त्या दिवशी गुणगुणत होते.

आता त्यांचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जेवणाऱ्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. माणूस ताटावर बसला की तो उठेपर्यंत त्याच्या कानावर चांगलंच पडलं पाहिजे. वडिलांच्या एका पंगतीत म्हणे कोणाचा तरी निरोप आला, तो भर पंगतीत सांगितला गेला, आणि माणसं भरल्या ताटांवरून उठली. वडील त्या दिवशी रडले होते. तेव्हापासून त्यांच्या घरात हा कायदा. हॉटेलात शेजारच्या टेबलावर कोणी नवराबायको भांडायला लागले की थोरले बादली घेऊन त्यांच्यामध्ये जाऊन उभे राहायचे. भाषा न समजता त्यांनी किती भांडणं मोडली असतील, मला सांगता येणार नाही.

हा नियम माझ्यावरही एकदा लागू झाला. पुण्याची माझी धाकटी बहीण आजारी होती, तुम्ही तिला छोटी आजी म्हणत होतात. त्या दुपारी मी तिथे एकटीच जेवत होते. फोन वाजला तेव्हा माझा हात भरलेला होता. थोरल्यांनी टेबलावरून फोन उचलला, "जेवताहेत त्या, मला सांगा," असं म्हणत आत गेले. पलीकडे माझा भाचा होता. थोरले बाहेर आले, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "काकू, मठ्ठा घ्या थोडा. भात राहिलाय अजून." मी विचारलं, कोणाचा फोन? "पुण्याचा. सांगतो की. आधी जेवा." मी मठ्ठा घेतला, भात संपवला, हात धुऊन आले. मग त्यांनी खुर्ची ओढली, टोपी काढली, आणि सांगितलं. टोपीशिवाय मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मला फार राग आला. माझी बहीण गेली होती आणि मी मठ्ठा पीत होते. घरी आल्यावर मात्र पुढे दीड-दोन दिवस मला पाण्याशिवाय काही गेलं नाही, आणि विमानात बसले तेव्हा अंगात जी काही ताकद होती ती त्या भाताची होती. त्यांचं बरोबर होतं की चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही. इतर बहुतेक गोष्टी मी ठरवून टाकलेल्या आहेत, हे तुमच्या आईला विचारा.

आता धाकटा. उंच, चष्मेवाला, हसरा. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत होता. वडील गेल्यावर थोरल्यांनी पंगती घेऊन घेऊन त्याला इंजिनियर केलं होतं, स्वतः लग्नही केलं नाही. धाकट्याच्या मनात ते कायम होतं. म्हणून त्याने नोकरी सोडली, हॉटेल काढलं, आणि दादाला सांगलीहून आणलं. "काकू, त्याच्या हातचं एकदा खाल्लं की लोक लाइन लावतील," तो मला पहिल्या दिवशी म्हणाला होता.

लोक आले, पण लाइन काही लागली नाही. पोटभर जेवून, तीनदा हात धरून लोक खूश होऊन जायचे आणि मग पुढचा महिनाभर त्यांना भूक लागायची नाही. शिवाय एकेक पंगत उठायला इतका वेळ घ्यायची की दुसरी बसायचीच नाही. हळूहळू धाकट्याने ब्रॅकनेलची जुनी नोकरी परत धरली. दिवसा तिकडे, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी इकडे. गल्ल्यामागे उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटायचे. मग जागेच्या मालकाने विचारलं की लीज पुढे चालू ठेवायची आहे की नाही, काय ते मार्च संपायच्या आत सांगा.

धाकट्याचं उत्तर ठरलेलं होतं. फक्त दादाला सांगायचं राहिलं होतं.

एका शनिवारी दुपारी तो मला बाहेर फुटपाथवर भेटला. "काकू, तुम्ही सांगता का त्याला?" तो म्हणाला. "तुमचं ऐकेल तो. मी ट्राय करतोय कधीपासून. बोलायला गेलो की तो जेवायला बसलेला असतो."

"मग जेवण होईपर्यंत थांब."

"थांबतो ना. तो संपवतच नाही! परवा मी एक तास समोर बसलो होतो. भात झाला, मग पोळी घेतली, मग परत भात. शेवटी मलाच कंपनीतून कॉल आला." तो हसला, पण हसताना त्याच्या गालाची हाडं दिसली. "आणि जेवताना मी नाही सांगू शकत, काकू. तुम्हाला माहितेय. मी त्याचाच भाऊ आहे."

मी हो म्हटलं. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. काय बोलायचं ते मी रात्री मनात मुद्देसूद लावून ठेवलं. आधी त्यांच्या स्वयंपाकाचं कौतुक, मग धाकट्याची दगदग, मग जागामालकाचा प्रश्न, शेवटी काय करता येईल ते. सोमवारी दुपारी गिऱ्हाइकं उठून गेल्यावर मी गेले. धाकटा ब्रॅकनेलला होता. दारातून मला दिसलं, थोरले कोपऱ्यातल्या टेबलाशी जेवण उरकून ताट उचलत होते. दाराची घंटी वाजली, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता कोण जाणे. ते आत गेले आणि दुसरं ताट वाढून घेऊन आले.

"बसा की काकू," ते म्हणाले. "मी जरा दोन घास खातो."

मी समोर बसले. त्यांनी मीठ वाढलेलं होतं, लिंबू होतं, सगळं जागच्या जागी. वरणभात कालवला आणि सावकाश जेवायला लागले. मी बघत राहिले. घास तोंडापर्यंत जात होता, तिथे थांबत होता, आणि मग जात होता. पोट तट्ट भरलेला माणूस जेवतो तसं ते जेवत होते. मध्येच पाणी प्यायले आणि कपाळ पुसलं.

"तुम्हाला भूक नाही," मी म्हटलं.

"हाय की."

"आत्ताच जेवलात तुम्ही."

त्यांनी भात परत कालवला. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "काय होतंय कळंना, काकू. धाकटा असा तोंड करून समोर येऊन बसला, की मला भूक लागते."

माझे मुद्दे मनात तसेच रांगेत उभे होते. त्यातला एकही मला उचलता येईना. एक तर ते ताटावर होते, आणि दुसरं म्हणजे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. जोवर ते जेवत होते तोवर हॉटेल चालू होतं.

मी पर्स उचलली. उठता उठता सहज तोंडून गेलं, "आणि धाकटा? तो जेवतो का हल्ली?"

थोरल्यांचा हात घासासकट थांबला.

"म्हणजे?"

"मी त्याला जेवताना पाहिलेलं नाही, म्हणून विचारलं. बारीक झालाय."

"जेवत असंल की... हापिसात..." ते म्हणाले. घास ताटात परत ठेवला. मी त्या माणसाला अन्न खाली ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. टेबलाटेबलावरच्या परक्या माणसांची ताटं त्यांना मान न वळवता दिसायची, कुणाचं मीठ संपलं, कुणाला भात हवा. आणि घरातलं हे एक ताट कितीतरी दिवस मांडलंच गेलेलं नव्हतं. मी हळूच दार ओढून घेऊन निघाले.

दोन दिवसांनी धाकट्याचा मेसेज आला. रविवारी हॉटेल बंद ठेवलंय, दादा म्हणतोय तुम्ही जेवायला या. खाली लिहिलं होतं, 'एकट्याला पंगतीला बसवत नाहीत म्हणे. तुम्ही सांगितलंत का त्याला?' मी लिहिलं, नाही.

रविवारी दुपारी सगळी टेबलं भिंतीला लावलेली होती आणि मध्ये एकच होतं. आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं. थोरले बादली घेऊन उभे. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, अळूची भाजी, सगळं केलेलं होतं. अळूसाठी आदल्या दिवशी लंडनमधल्या वेम्बलीला जाऊन आले होते. तसे ते आता दर रविवारीच वेम्बलीला असतात, तिथल्या देवळात जेवण करतात. तिथे पंगत बसते, बादली चालते, आणि दुसऱ्या पंगतीची घाई कोणालाच नसते. पण हे पुढचं झालं.

धाकट्याने ताटाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. "दादा, आधी मला एक—"

"जेव आधी."

"अरे पण ऐक ना, इट्स इम्पॉर्टंट—"

"ताटावर बसलायस तू. जेव."

तो जेवायला लागला. पहिले चार घास शिक्षा असल्यासारखे, मग माणसासारखे, आणि मग सांगलीच्या मुलासारखे, तुपाचा ओघळ मनगटापर्यंत. थोरले वाढत होते. मध्ये एकदा धाकट्याने चष्मा काढून बाजूला ठेवला आणि तसाच जेवत राहिला. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते, कारण शेजारच्या माणसाकडे तेव्हा बघणं बरं दिसलं नसतं.

शेवटी त्याने ताटावर हात आडवा धरला. मी मनात म्हटलं, आता बोटांच्या फटीतून एक पळी. पण थोरले थांबले. पहिल्याच नकाराला बादली खाली ठेवली.

धाकटा हात धुऊन आला. थोरल्यांनी त्याच्या हातात पंचा दिला, टोपी काढली, आणि म्हणाले, "हाटेल बंद करूया आपण."

धाकट्याच्या हातातून पाणी गळत होतं. पंचा तसाच घडी घातलेला राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं? तू जेवत नव्हतास." थोरल्यांनी पंचा त्याच्या हातातून घेतला, उलगडून परत दिला. "तुझं तुला सांगता येत न्हवतं. मला तरी कुठं ऐकता येत हुतं? म्हणून म्हटलं, पोटभर जेवू दे, मग मीच सांगतो. चांगलं झालंय न्हवं? कटाची आमटी?"

"हो," धाकटा म्हणाला. त्याने हात पुसले. मग तो म्हणाला, "तू बस. तू कुठे जेवलायस?"

"मी मागनं—"

"बस म्हणतोय ना."

त्याने भावाला दंडाला धरून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. आतून ताट आणलं, बादली उचलली, आणि वाढायला लागला. मीठ मधोमध वाढलं. मग चटणी आणि कोशिंबीर उजवीकडे वाढली, आणि भाज्या डावीकडे. सगळं उलटं. मी तोंड उघडणार होते.

थोरल्यांनी ताटाकडे पाहिलं. चटणीकडे पाहिलं, मग भाजीकडे, मग परत चटणीकडे. वर भावाकडे पाहिलं, तो पळी धरून वाट बघत उभा होता.

ते जेवायला लागले. त्या दिवशी त्यांना खरोखरच भूक लागली होती.

तुमची,
आजी